आपोआप घातलेली ओळ

दोनशे चौदा पानांचं ते बाड वनमाला तायडे यांनी तीन दिवस वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावरून उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं. त्याला काही वास येत होता असं नव्हे. कागद नवा, शाई नवी, वरचं आवरण गुळगुळीत. पण आंबलेल्या आमटीचं पातेलं माणूस जसं आधी घराबाहेर काढतो आणि मग नाकाला पदर लावून काय ते बघतो, तसं झालं त्यांचं.

बाई बहात्तरच्या. बोरिवली पूर्वेला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. वडील बुलढाण्याकडून आलेले, घाटकोपरला एका खोलीत पाच मुलं वाढवलेली. त्यातली ही थोरली गणितात एम.एस्सी. झाली आणि चौऱ्याऐंशी साली अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यात नोकरीला लागली. जयंतीभाई नावाच्या माणसाची ती कंपनी. कापड रंगवायच्या मशीनला ज्या कंट्रोलच्या पेट्या लागतात, त्या तिथे बनायच्या. मशीन म्हणजे आडवा पडलेला लोखंडी रांजण. आत कापड, रंगाचं पाणी आणि वाफ. पाणी किती भरायचं, किती अंशांपर्यंत तापवायचं, किती मिनिटं ठेवायचं, हे कारागीर पेटीवरची बटणं दाबून लिहायचा. त्यासाठी बाईंनी एक लहानशी भाषा केली होती. भर, तापव, ठेव, घाल, थंड, सोड. सहा शब्द आणि त्यांच्यापुढे आकडे. संपली भाषा.

आता कारागिराने लिहिलेलं मशीनला कुठलं कळायला? मध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. मागचा भाग मशीनकडे तोंड करून बसतो, पुढचा माणसाकडे. पुढच्याचं काम वाचण्याचं. शब्द सुटे करायचे, त्यांची जुळणी नियमात बसते का बघायचं, आणि जे लिहिलंय त्याला काही अर्थ आहे का तेही बघायचं. नसेल तर थांबवायचं, आणि का थांबवलं ते सांगायचं. हा पुढचा भाग बाईंचा. पंचवीस वर्षं त्यांनी तो सांभाळला.

जयंतीभाईंचा दंडक होता की रचना आधी कागदावर उतरली पाहिजे, कोड मागून. आणि कागदावरच्या ज्या नियमासमोर खऱ्या माणसाची खरी चूक लिहिलेली नसेल, तो नियम ठेवायचाच नाही. "पहेला भूल बताव, पछी नियम," म्हणायचे; आधी चूक दाखव, मग नियम. त्यामुळे बाई दर गुरुवारी साकीनाक्याच्या नाहीतर विक्रोळीच्या एखाद्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, जाऊन बसायच्या. साडीचा काठ चिखलात आणि रंगात भिजलेला, नाकात ॲसिडचा वास. कोण काय चुकीचं लिहितो ते बघायचं आणि वहीत उतरवायचं. अमुक डाइंग, अमुक माणूस, काय लिहायचं होतं, काय लिहिलं. अशा अकरा वह्या भरल्या. कंपायलरचा पुढचा भाग म्हणजे त्या अकरा वह्यांचाच सारांश होता. पुस्तकातून फारच थोडं आलं होतं.

कंपनी पुढे दोनदा विकली गेली, मरोळ सोडून चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत गेली. आता नव्या पेट्यांना टचस्क्रीन आले होते आणि त्यांच्यासाठी कंपायलरचा पुढचा भाग नव्याने लिहिला होता. परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक तो घेणार होतं. त्यांचा तपासनीस येत्या शुक्रवारी येणार होता आणि त्याला रचनेचं डॉक्युमेंट हवं होतं. शिवाय जुन्या रचनेतलं तत्त्व नव्यात राखलं आहे, अशी मूळ रचनाकाराची सही हवी होती. म्हणून प्रितम सोनटक्के नावाच्या टीम लीडरचा फोन आला, फार गोड बोलला, आणि बाड घरपोच आलं.

वाचायला घेतलं तेव्हा बाईंना आनंदच झाला होता, हे सांगायला हवं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला विचारतंय. चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक काढून बसल्या. पण दहा पानांतच त्यांच्या जिभेवर कसलातरी चिकट थर बसल्यासारखं झालं. सगळं इंग्रजीत, सगळं शुद्ध, आणि पाण्यात टाकलेल्या पावासारखं. वाक्य हातात घ्यावं तर निथळून जायचं, खाली काही उरायचं नाही. प्रत्येक नियम 'मजबूत', प्रत्येक निर्णय 'विचारपूर्वक'. कुठेही माणूस नाही. दोनशे चौदा पानांत एकाही कारागिराचं नाव नाही, एकाही डाइंगचं नाही.

आणि सदतिसाव्या पानावर त्या स्वतः होत्या. मराठीत सांगायचं तर असं लिहिलं होतं: 'श्रीमती तायडे यांची दूरदृष्टी अशी की, वापरणाऱ्याला लहानसहान चुकांसाठी अडवण्याऐवजी पुढच्या भागाने त्या स्वतःच दुरुस्त कराव्यात. पाणी सोडण्यापूर्वी थंड करण्याची सूचना राहून गेल्यास ती आपोआप घातली जावी, हे त्यांचे मूळ तत्त्व नव्या रचनेत जपले आहे.'

पेन्सिल थांबली. जे वाटलं त्याला बाईंनी किळस असं नाव दिलं आणि पान उलटलं.

मंगळवारी सकाळी रिक्षा करून त्या चारकोपला गेल्या. वसाहतीतल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काचेची खोली, आत एसी इतका की कानशिलं दुखावीत. प्रितम पस्तिशीचा, टापटीप दाढीचा. उठून उभा राहिला, खुर्ची ओढून दिली.

"या, मॅडम, या. चहा, कॉफी, ग्रीन टी?"

"पाणी."

"वाचलंत? झकास झालंय ना? आमच्याकडे एवढं डिटेल डॉक्युमेंट आधी कधी झालंच नव्हतं."

"कुणी लिहिलं?"

"टीमने."

"टीमला आईबापांनी नाव ठेवलं असेल ना काही."

प्रितम हसला आणि कोपऱ्यातल्या मुलीकडे मान वळवली. "दर्शना. दर्शना तांडेल. आमची स्टार आहे."

सव्वीस-सत्तावीस वर्षांची ती मुलगी खुर्चीसकट वळली. खारदांड्याची, कोळ्यांची. रोज तिथून येणंजाणं करायची. स्टार म्हटल्यावर तिचं तोंड आणखीच उतरलं.

"तू लिहिलंस, बाळ?"

"जनरेट केलं, मॅडम."

"म्हणजे?"

"कोड आधीच झाला होता. तो एआयला दिला, तुमच्या जुन्या मॅन्युअलची थोडी पानं दिली, आणि सांगितलं, याचं डिझाइन डॉक्युमेंट लिही. डिझाइन असं वेगळं कुणी केलंच नव्हतं."

"मग यातली कारणं? हा नियम असाच का, तो तसाच का?"

"ती त्यानेच लिहिली."

"आणि माझे विचार?"

दर्शनाने की-बोर्डकडे बघितलं. "ते पण."

"मला विचारायचं होतंस गं. फोन आहे माझ्याकडे. अजून उचलते मी."

"मला सहा दिवस दिले होते, मॅडम."

"वाचलंस तरी का सगळं?"

"पहिली साठ पानं."

बाई प्रितमकडे वळल्या. "आणि तू रे?"

"मी समरी वाचली ना, मॅडम."

"समरी कुणी लिहिली?"

दर्शनाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "त्यानेच," ती म्हणाली.

"म्हणजे ज्याने लिहिलं त्यानेच वाचलं. मधल्या मध्ये मीच एक येडी, तीन दिवस डोळे फोडून घेतले." बाईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पाण्यालाही प्लास्टिकची चव होती. "बरं, ते असू दे. डाइंगमध्ये कोण गेलं होतं तुमच्यापैकी?"

दर्शनाने नाही म्हणून मान हलवली.

"सेल्सकडून फीडबॅक येतो ना, मॅडम," प्रितम म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलाला औषध पाजताना होतो तसा मऊ झाला होता. "आजकालचा युजर वेगळा आहे. लाल मेसेज दिसला की वैतागतो, फोन करतो. सपोर्टची पार वाट लागते. म्हणून आम्ही ठरवलं, अडवायचंच नाही. जे राहिलं असेल ते आपणच भरून घ्यायचं. युजर खूश, आपण खूश."

बाईंनी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि दर्शनाला म्हणाल्या, "चार ओळी लिही तुझ्या त्या नव्या पेटीत. मी सांगते."

दर्शनाने स्क्रीन जवळ ओढला.

"भर. तापव एकशेतीस. ठेव दहा. सोड."

दर्शनाने बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली, 'सर्व ठीक'.

"आता हे बघ. कारागिराला कापड कोमट पाण्याने धुवायचं आहे. तीस अंश. घाईत बोट आधी एकवर पडलं आणि तिसाचे एकशेतीस झाले. होतं असं. बटणं लहान, बोटं जाड, वर रंग लागलेला. बाकी त्याचं सगळं बरोबर आहे. कोमट पाणी सोडायला ते थंड कशाला करावं लागतं? म्हणून त्याने 'थंड' लिहिलं नाही. पण तुझ्या कंपायलरला वाटलं, हा विसरला. घातलं त्याने आपोआप. दाखव घातलेलं."

दर्शनाने एक बारीक बाण उघडला. आत करड्या अक्षरांत पाचवी ओळ होती: थंड ८०.

"जुना काय करायचा?" बाईंनी विचारलं, आणि उत्तरही दिलं. "जुना थांबायचा. म्हणायचा, ऐंशीच्या वर पाणी आहे आणि सोडण्याआधी थंड नाही, वरच्या ओळी तपासा. मग माणूस वर बघायचा आणि त्याला एकशेतीस दिसायचे. 'थंड' नाही, हीच तर खूण होती वरचा आकडा चुकल्याची. एक चूक दुसरीकडे बोट दाखवत असते. तुम्ही ते बोटच छाटलंत, आणि वर हिरवी खूण."

दर्शना स्क्रीनकडेच बघत होती. "आमची आय म्हणते, मासा घेताना कल्ला उचलून बघ. लाल असला तर ताजा." ती हळूच म्हणाली. "काही जणी शिळ्या माशाच्या कल्ल्याला रंग लावतात. हे तसं झालं."

"दर्शना, इथे मासळीबाजार नको यार," प्रितम म्हणाला.

"मासळीबाजारात निदान हातात घेऊन बघतात, सर."

प्रितमने तिच्याकडे लक्ष न दिल्यासारखं केलं. "मॅडम, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे. पण आता मशीनच्या झाकणाला लॉक असतं. गरम असेल तर उघडतच नाही."

"आणि नमुना काढायची नळी असते बाजूला, तिला?"

प्रितमने दर्शनाकडे बघितलं. दर्शना म्हणाली, "नवीन मशीनला आहे लॉक. जुन्यांना नाही. आणि आपण ही पेटी जुन्यांवर पण बसवणार आहोत."

"पुढच्या व्हर्जनमध्ये वॉर्निंग टाकू," प्रितम म्हणाला. "प्रॉमिस. पण आत्ता शुक्रवार आहे ना, मॅडम. तुमची एक सही."

"मी सही करणार नाही. हे माझं नाही. असा विचार मी कधीच केला नव्हता."

त्या वाटच बघत होत्या की हा आता चिडेल, आवाज चढवेल. मग आपणही चढवू. पण प्रितमचा चेहरा उलट मोकळा झाला.

"ओके, मॅडम. नो टेन्शन. मग तुमचं नावच काढून टाकतो. 'मूळ टीम' असं घालू. मूळ रचनाकार उपलब्ध नाहीत म्हटलं की सहीची गरज उरत नाही. हयात नाहीत म्हटलं तरी चालतं, त्या फॉर्मला तसा ऑप्शन आहे."

"हयात नाहीत."

"फक्त ऑप्शन, मॅडम. आपण 'उपलब्ध नाहीत' टाकू." आणि तो दारापर्यंत सोडायला आला. त्याला पुढची मीटिंग होती.

जिना उतरून बाई वसाहतीच्या फाटकाशी आल्या. तिथे चहाच्या टपरीपुढे प्लास्टिकची स्टुलं होती. एकावर बसल्या, कटिंग मागितला. जिंकल्याच होत्या म्हणायच्या. नाव निघालं, सही टळली. घाणीला आपला हात लागला नाही. आता घरी जाऊन बाल्कनीतलं बाड रद्दीत टाकायचं, हात धुवायचे, झालं.

चहा आला. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

कारण खोटं बोलल्या होत्या त्या. काचेच्या खोलीत बसून, दोन पोरांच्या तोंडावर.

शहाऐंशी साल. वनमाला तायडे तेहतीस वर्षांची, गाळ्यातली सगळ्यात हुशार, आणि ते तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक. कंपायलरची पहिली आवृत्ती होत होती. तिने जयंतीभाईंना पटवलं होतं की कारागिरांना सारखं अडवणं बरं नाही. बिचारे कमी शिकलेले, त्यांचं राहिलेलं आपण भरून घेऊ. 'सोड'च्या आधी 'थंड' नसेल तर कंपायलरच घालेल. किती सुंदर वाटलं होतं ते तिला. जयंतीभाईंनी विचारलं, कुणाच्या चुकीवरून काढलास हा नियम? ती म्हणाली, कुणाच्या कशाला, दिसतंच आहे ना. ते पहिल्यांदाच आपल्या दंडकावरून हलले.

तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात साकीनाक्याच्या डाइंगमध्ये मार्तंड नावाच्या कारागिराने कोमट धुण्याचं पाणी लावलं. तिसाचे एकशेतीस झाले होते. पेटी गप्प राहिली. दहाएक वर्षांचा अनुभवी माणूस, पण कोमट पाणी आहे म्हणून त्याने निर्धास्तपणे नमुन्याची नळी उघडली. डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत हातमोजा उतरावा तशी उतरली. आपला नियम कसा चालतो ते बघायला ती त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे आली होती, शेजारीच स्टुलावर बसली होती, कोरी वही मांडीवर घेऊन.

मार्तंड शेवटपर्यंत म्हणत राहिला, बाई, आकडा मीच चुकलो. मालकानेही तेच धरलं. कंपायलरबद्दल कुणी ब्र काढला नाही, कारण कंपायलर म्हणजे काय हेच तिथे कुणाला माहीत नव्हतं. तिने चार दिवसांत नियम बदलला आणि पुढे अकरा वह्या भरल्या. जगाच्या चुका बारीक अक्षरात त्यात उतरवल्या. मार्तंडचीही उतरवली: लिहायचे होते तीस, लिहिले एकशेतीस. तिच्या स्वतःच्या चुकीला मात्र त्या अकरा वह्यांत एक ओळ मिळाली नाही.

तेव्हा त्या बाडातल्या वाक्यांनी बाईंबद्दल थापच मारली होती असं म्हणता येत नव्हतं. यंत्राने अंदाजाने एका हुशार, गर्विष्ठ, डाइंगमध्ये न गेलेल्या पोरीचा विचार लिहिला होता, आणि तो नेमका तिचाच निघाला होता. सदतिसाव्या पानावर त्यांना शिसारी आली होती ती कशाची, हे बाईंना टपरीवर बसून पुरतं कळलं. आणि 'मूळ टीम' झाल्यावर काय होणार, तेही कळलं. नाव पुसलं जाणार, नियम मात्र तसाच जुन्या मशीनवर जाऊन बसणार. आपण फक्त आपले हात धुवून घेतले.

चहा तसाच ठेवून, त्याचे पैसे देऊन त्या परत जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर दम लागला, कठड्याला धरून थांबल्या, मग आत गेल्या.

दर्शना एकटीच होती. स्क्रीनवर बाड उघडं होतं.

"काढलंस माझं नाव?"

"एका फटक्यात निघालं, मॅडम. त्रेचाळीस ठिकाणी होतं."

"परत घाल."

दर्शनाने वळून बघितलं. "सही करताय?"

"नाही. मला सांग, सही न करणाऱ्याने काही म्हणायचं असेल तर कुठे म्हणायचं? त्या तपासनिसाकडे काही सोय आहे?"

दर्शनाने दाराकडे बघितलं. "हरकत नोंदवता येते. तपासणीसाठी ज्यांना बोलावलंय त्यांच्यापैकी कुणीही नोंदवू शकतं. पण एकदा नोंदली की काढून टाकता येत नाही. तिला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर मान्य होईपर्यंत माल जात नाही." मग ती म्हणाली, "सर भडकतील."

"तुझ्यावर भडकतील?"

"फॉर्म माझ्या लॉगिनमधून जाणार ना."

"मग मी प्रितमच्या मीटिंगमध्ये जाऊन सांगते. तू यात पडू नकोस."

"तिथे ते तुम्हाला ग्रीन टी देतील, मॅडम," दर्शना म्हणाली आणि फॉर्म उघडला. "सांगा. कुठल्या पानावर हरकत?"

"सदतीस."

"काय हरकत?"

बाईंनी खुर्ची जवळ घेतली. "लिही. या पानावर जो विचार माझ्या नावावर आहे, तो माझाच होता."

दर्शनाची बोटं थांबली. "मगाशी तुम्ही म्हणालात..."

"मगाशी मी खोटं बोलले. लिही पुढे. तो विचार मी शहाऐंशी साली केला. कुठल्याही कारागिराला न विचारता केला. तो नियम तीन आठवडे चालला, आणि त्यामुळे एका माणसाचा हात भाजला. त्यानंतर तो मी काढून टाकला. तो का काढला, हे मी कुठेही लिहून ठेवलं नाही. लिहिलं असतं तर या मुलांनी तो परत घातला नसता."

की-बोर्डचा टकटक आवाज चालू राहिला. बाई त्या आवाजाकडे बघत असल्यासारख्या बसल्या होत्या. दर्शनाने मध्ये एकदा नाक ओढलं, पण वर बघितलं नाही.

"इथे विचारलंय, इजा झालेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव."

"मार्तंड."

"आडनाव?"

बाईंनी तोंड उघडलं. डाइंगचं फाटक आठवलं, कोणत्या बाजूला बॉयलर होता ते आठवलं, त्या दिवशीच्या कापडाचा रंग जांभळा होता तोही आठवला. मार्तंडच्या डब्यात नेहमी सुकट असायची. पुढे तीन वर्षं तो शेजारी बसून इतरांच्या चुका सांगायचा, आणि उजव्या हाताने डावा खाजवायचा. अकरा वह्यांत त्याचं नाव शंभरदा होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"रकाना रिकामा चालत नाही, मॅडम. सावंत वगैरे टाकू का काहीतरी? कोण बघतंय?"

"नको." आवाज त्यांना वाटलं त्यापेक्षा कठोर निघाला. "अंदाजाने काही घालू नकोस. लिही, मार्तंड, आडनाव विचारलं नाही."

"असं लिहू? विचारलं नाही?"

"तसंच लिही."

दर्शनाने लिहिलं आणि नोंदवलं. पाच मिनिटांच्या आत प्रितम मीटिंगमधून उठून आला. फोन हातात, उभ्यानेच वाचत. एकदा वाचून झाल्यावर त्याने परत वरून वाचलं. मग त्याने बाईंकडे बघितलं, आणि बाईंना त्याच्या नाकपुड्या आणि ओठ बघून लगेच कळलं ते काय आहे ते. तीन दिवस त्यांनी त्या बाडाकडे याच तोंडाने बघितलं होतं.

"शुक्रवार हातचा गेला, मॅडम," तो म्हणाला. आवाजातला मऊपणा पार गेला होता.

"गेला."

"आणि हे तुम्ही एवढी वर्षं पोटात ठेवलंत."

"हो."

"आणि मगाशी आम्हाला लेक्चर देत होतात, डाइंगमध्ये कोण गेलं होतं म्हणून."

बाईंनी मान हलवली. आवाजाला असे काटे फुटले की आत खरा माणूस असतो, असं त्यांना उगीच वाटून गेलं.

प्रितम खुर्चीवर बसला. अंगठ्याने फोनची कड घासली. "याला उत्तर द्यावं लागेल. काय लिहायचं?"

"मी कशी सांगू? मी हरकत घेणारी आहे."

"तिला विचारतोय," प्रितम म्हणाला.

दर्शनाने स्क्रीनवर नवं, कोरं पान उघडलं होतं. त्यावर अजून एकही शब्द नव्हता. "आधी एखाद्या डाइंगला फोन करू, सर," ती म्हणाली. "उद्या आत घेतात का विचारू."